वेबसाइटचं पान दुकानदाराच्या हाती, हिशोब सर्व्हरवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतली कृषी सेवा केंद्रं, ठिबकवाले, दालमिल आणि केळीच्या गाड्या भरणारे व्यापारी यांच्या वेबसाइटचं काम करताना मला तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. काही प्रश्न दुकानदारांचे असतात, काही कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांचे. दोघांची उत्तरं इथे एकाच जागी लिहिली आहेत. दुकानदारांनी टेम्प्लेटचा, म्हणजे पानाच्या साच्याचा, भाग सोडला तरी चालेल. मुलांनी मात्र जीएसटीचा भाग सोडू नये.

व्हिज्युअल एडिटर आणि सर्व्हरवरचा प्रोग्रॅम यांत फरक काय?

व्हिज्युअल एडिटरमध्ये पान जसं दिसणार तसंच समोर दिसतं. फोटो माउसने ओढायचा, मथळा टाइप करायचा, रंग निवडायचा. कोड लिहावा लागत नाही. सर्व्हर म्हणजे साइट जिथून चालते तो संगणक. त्याच्यावरचा प्रोग्रॅम गिऱ्हाइकाला दिसत नाही. कोणाला कोणता भाव, किती साठा शिल्लक, कर किती, उधारी कुठपर्यंत द्यायची, हे तो ठरवतो आणि उत्तर तेवढं पानाकडे पाठवतो.

दुकानात हे आपण रोज पाहतो. समोरच्या फळ्यांवरची मांडणी पोऱ्यासुद्धा बदलतो, पण खातेवही मुनीमजींकडेच असते. वेबसाइटवरही अशीच वाटणी हवी, आणि पुढची बहुतेक उत्तरं त्या वाटणीबद्दलच आहेत.

भाव पानावर टाइप केला की झालं. त्यासाठी सर्व्हर कशाला?

२२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. ठिबक आणि तुषार संच १२ टक्क्यांवरून ५ वर आले. रासायनिक कीटकनाशकं १८ टक्क्यांवरच राहिली, आणि पेरणीच्या बियाण्यावर तर आधीपासूनच कर नाही. म्हणजे एकाच दुकानात एकाच बिलावर शून्य, ५ आणि १८ असे तीन दर येऊ शकतात.

अमळनेरकडच्या एका दुकानदाराच्या साइटवर आधीच्या कोणीतरी करासहित किमती थेट पानांवर टाइप केल्या होत्या. मुख्य पानावर, उत्पादनांच्या पानांवर, हंगामाच्या जाहिरातीत, अगदी फोटोवर लिहिलेल्या मजकुरातही. त्यांच्या भाच्याने रात्री बसून सगळ्या बदलल्या, तरी तीन ठिकाणी जुनी किंमत राहिली. सकाळी गिऱ्हाइकाने मोबाईल पुढे धरला, दोन पानं, दोन किमती. दुकानदाराचा, आप्पांचा, फोन आला: "हाई काय व्हयनं, भाऊ?" त्या भाच्याची काहीच चूक नव्हती. तीच किंमत इतक्या ठिकाणी लिहायला लावणारी रचनाच चुकीची होती.

दर सर्व्हरवरच्या एका तक्त्यात ठेवला की एका जागी बदल पुरतो. पण एवढ्यावर थांबू नका. त्या तक्त्यात दराशेजारी "कधीपासून लागू" आणि "कधीपर्यंत" असे दोन रकाने हवेतच. जुना आकडा पुसून नवा लिहिला, तर ऑगस्टमधलं बिल डिसेंबरमध्ये पुन्हा छापताना त्यावर ५ टक्के येतील आणि हिशोब जुळणार नाही. जुन्या बिलावरचा माल परत आला, तर क्रेडिट नोटही त्या बिलाच्या दरानेच निघायला हवी. एडिटरमध्ये टाइप केलेल्या आकड्याला तारीख नसते, त्यामुळे हे काम त्याच्याकडून होऊच शकत नाही.

कापूस बियाण्याचंही असंच आहे. बीजी-२ या बीटी कापूस बियाण्याच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार दरवर्षी ठरवतं. २०२४ मध्ये ती ८६४ रुपये होती, २०२५ मध्ये ९०१. आपल्याकडे बागायती कापसाची लागवड मे महिन्यातच सुरू होते, तेव्हा नवी किंमत वेळेवर लागलीच पाहिजे.

मग सगळंच प्रोग्रॅमरकडे ठेवलं तर?

ते मला मान्य नाही. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी पानावर चार ओळी आणि एक फोटो टाकायचा आहे, आणि त्यासाठी पुण्याला नोकरी लागलेल्या मुलाला फोन करून शनिवारची वाट पाहायची, ही लाचारी आहे. आपलं दुकान आपल्या शब्दांत दाखवण्याचा हक्क दुकानदाराचा आहे. दुकानदार स्वतः हात लावतो ती साइट जिवंत राहते. ज्या साइटला तो हात लावायला घाबरतो, तिथे दोन वर्षांनंतरही जुन्या पोळ्याच्या शुभेच्छाच लटकत असतात.

हे काही नवं तंत्र आहे का?

नाही, तीस वर्षं जुनी धडपड आहे. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये व्हर्मीर टेक्नॉलॉजीज ही कंपनी विकत घेतली आणि तिचं फ्रंटपेज हे पानं बनवायचं साधन घरोघरी गेलं. त्यातली काही सोय सर्व्हरवर खास जोडण्या असतील तरच चालायची. मॅक्रोमीडिया कंपनीचं ड्रीमवीव्हर हे तसंच साधन डिसेंबर १९९७ चं. २००० मध्ये त्याची अल्ट्रादेव्ह ही आवृत्ती आली. तिच्यात माउसने डेटाबेसचे (सर्व्हरवरच्या माहितीच्या तक्त्यांचे) रकाने पानावर ओढले की एएसपी, जेएसपी किंवा कोल्डफ्यूजन या सर्व्हरवरच्या तंत्रांचा कोड आपोआप लिहिला जायचा. मायक्रोसॉफ्टच्या २००२ च्या एएसपी डॉट नेट या तंत्राने पान आणि त्याच्या मागचा कोड वेगळ्या फाइलींत ठेवला. हे पाऊल चांगलं होतं. पण पानाची सगळी स्थिती एका लपलेल्या रकान्यातून ये-जा करायची आणि मोठ्या तक्त्यांची पानं जड व्हायची.

या साधनांतली ओढाओढ मला कधीच खटकली नाही. खटकलं ते हे, की ओढता ओढता डेटाबेसची क्वेरी (माहिती मागणारी आज्ञा) आणि व्यवसायाचा नियम पानाच्या पोटात जाऊन बसायचा. नंतर पान बदलणाऱ्याला नियम दिसायचा नाही आणि नियम बदलणाऱ्याला पान समजायचं नाही.

मी कोड घातलेलं पान एडिटरमध्ये उघडलं की ते विस्कटतं. असं का?

मुलांनो, हा प्रश्न नीट समजून घ्या. बहुतेकांचे तास याच्यातच जातात.

ब्राउझरमध्ये चालणारा एडिटर तुमचा मजकूर आधी एचटीएमएल, म्हणजे वेबपानं लिहिण्याची भाषा, म्हणून वाचतो आणि सेव्ह करताना पुन्हा लिहून काढतो. वाचताना जे नियमाबाहेरचं वाटेल ते तो "दुरुस्त" करतो. तक्त्याच्या बाबतीत हे फार लागतं. एचटीएमएलच्या नियमानुसार तक्त्याच्या आत पण कोणत्याही चौकटीबाहेर मोकळा मजकूर चालत नाही. तसा मजकूर दिसला की ब्राउझर तो उचलून तक्त्याच्या आधी नेऊन ठेवतो. आता तुम्ही दोन ओळींच्या मध्ये, महिरपी कंसांत, "प्रत्येक मालासाठी ही ओळ पुन्हा" अशी खूण लिहिली असेल, तर तीही मोकळाच मजकूर ठरते. सुरुवातीची आणि शेवटची, दोन्ही खुणा तक्त्याच्या वर जाऊन एकमेकींना चिकटतात आणि मधे पुन्हा लिहायला काहीच उरत नाही. पान दिसायला ठीक असतं, बिलात मात्र एकही ओळ येत नाही. माझ्या सुरुवातीच्या एका कामात हे ऐन हंगामात घडलं आणि सापडायला अख्खा दिवस गेला.

उपाय असा, की खूण मजकुरात लिहायची नाही, टॅगच्या (एचटीएमएलमधल्या टोकदार कंसातल्या खुणेच्या) गुणधर्मात लिहायची. एखाद्या टॅगला अनोळखी गुणधर्म असेल तर ब्राउझर तिकडे लक्ष देत नाही आणि जागचा हलवतही नाही. झोप (Zope) या वेबसाइट बनवण्याच्या प्रणालीतली टॅल (TAL) ही पद्धत याच विचारातून आली. जावा या भाषेत काम करणाऱ्यांकडे थायमलीफ हे टेम्प्लेटचं साधन आहे. त्याचं टेम्प्लेट सर्व्हर नसतानाही थेट ब्राउझरमध्ये उघडतं, नमुन्याचा मजकूर दिसतो, आणि सर्व्हरवर गेल्यावर त्या जागी खरा मजकूर येतो. एडिटरसोबत काम करायचं असेल तर मला हीच पद्धत सगळ्यात भरवशाची वाटते. फक्त तुमचा एडिटर अनोळखी गुणधर्म गाळून तर टाकत नाही ना, हे आधी एकदा सेव्ह करून तपासा. काही एडिटरांना कोणते गुणधर्म ठेवायचे ते सांगावं लागतं.

दुसरा रस्ता म्हणजे पानात फक्त एक ठोकळा ठेवायचा. "इथे भावफलक येईल, जात केळी, ओळी दहा" एवढीच नोंद पानात असते, बाकी सगळं सर्व्हर भरतो. दुकानदार तो ठोकळा वर-खाली हलवू शकतो, पण त्याच्या आत हात घालू शकत नाही. ज्यांना कोडशी काही देणंघेणं नाही त्यांच्यासाठी हा रस्ता उत्तम.

पानात थोडंही लॉजिक नको का?

दाखवण्यापुरतं चालतं. ओळी पुन्हा लिहिणं, यादी रिकामी असेल तर "माल शिल्लक नाही" दाखवणं, तारीख आपल्या पद्धतीने लिहिणं, हे पानाचंच काम. संगणकतज्ज्ञ टेरेन्स पार यांनी २००४ मध्ये टेम्प्लेट आणि मूळ नियम काटेकोर वेगळे ठेवण्यावर शोधनिबंध लिहिला. त्यांची भूमिका बरीच कडक आहे. मी त्यांच्याइतका कडक राहत नाही, पण एक रेघ मी ओलांडू देत नाही.

समजा उधारीची मर्यादा संपलेल्या शेतकऱ्याला "रोख भरा" असं दाखवायचं आहे. पानात "बाकी मर्यादेपेक्षा जास्त असेल तर" असं लिहिलं की उधारीचा नियम पानात शिरला. त्याऐवजी सर्व्हरने "उधारी बंद" असं हो किंवा नाही पाठवावं आणि पानाने तेवढंच पाहावं. पुढच्या वर्षी मालक म्हणतील, "जुन्या गिऱ्हाइकाला कापूस विकेपर्यंत सवलत द्या." तेव्हा सर्व्हरवरचा एकच नियम बदलेल आणि एकाही पानाला हात लागणार नाही.

एकूण रक्कम ब्राउझरमध्येच मोजली तर पान झटपट चालतं. काय हरकत आहे?

दाखवायला मोजा, पण त्या आकड्यावर बिल करू नका. ब्राउझरमध्ये आलेली प्रत्येक गोष्ट गिऱ्हाइकाला बदलता येते, लपवलेल्या रकान्यातली किंमतसुद्धा. पानाने सर्व्हरकडे मालाचा क्रमांक आणि नग एवढंच पाठवावं. किंमत सर्व्हरने आपल्या तक्त्यातून घ्यावी.

बिलात एक-दोन पैशांचा फरक येतो. कुठून?

दोन कारणं असतात. पहिलं, संगणकाची दशांश ठेवण्याची नेहमीची पद्धत. तिच्यात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, शेवटी कुठेतरी ४ डोकावतो. म्हणून रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवा किंवा डेटाबेसचा डेसिमल प्रकार वापरा.

दुसरं कारण पूर्णांकन. ३३.२५ रुपयांचे तीन जिन्नस घ्या, कर १८ टक्के. प्रत्येक ओळीवर कर ५.९८५, म्हणजे ५.९९, तिन्हींचा १७.९७. एकूण ९९.७५ वर एकदाच कर काढला तर १७.९६. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. गोंधळ होतो तो पान एका पद्धतीने मोजतं आणि सर्व्हर दुसऱ्या पद्धतीने, तेव्हा. सीएंना विचारून एक पद्धत ठरवा आणि ती एकाच ठिकाणी लिहा.

आमचं गिऱ्हाईक बऱ्हाणपूरचंही आहे आणि सुरतेचंही. पानावर काय बदलायचं?

कराबद्दल पानावर काहीच नाही, फक्त पत्त्याचे रकाने दोन हवेत. रावेरहून माल चोपड्याला पोहोचवला तर सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा) लागतो. तोच माल बऱ्हाणपूरला पोहोचवला तर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीचा), कारण ते मध्य प्रदेशात. आपला खान्देश दोन राज्यांना टेकलेला आहे. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे रोजचाच.

नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात: महाराष्ट्र २७, गुजरात २४, मध्य प्रदेश २३. पण त्यावरच विसंबू नका, माल कुठे पोहोचला हेही पाहावं लागतं. बिल एकाच्या नावाने आणि माल दुसऱ्याच्या गोदामात, असे व्यवहार आपल्याकडे भरपूर होतात. म्हणून पानावर "बिलाचा पत्ता" आणि "माल पोहोचवायचा पत्ता" असे दोन वेगळे रकाने ठेवा आणि निर्णय सर्व्हरला घेऊ द्या. त्या नियमाची तपासणी सीएंसोबत बसून करा, मुलांनी स्वतःच्या अंदाजाने करू नये.

मराठीत भरलेले आकडे सर्व्हरला कळत नाहीत. काय करावं?

हा प्रश्न परदेशी धड्यांत सापडत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. शेतकरी मोबाईलवर मराठी कळफलक ठेवतो आणि नगाच्या रकान्यात देवनागरी १२ टाइप करतो. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा ते बारा म्हणून वाचते. पीएचपी ही भाषा त्याला आकडा मानत नाही, सरळ रूपांतर केलं तर शून्य हाती येतं. बारा पाकिटांची मागणी शून्य पाकिटांची झाली, आणि चूक झाल्याचा संदेशही नाही! रकाना सर्व्हरवर आला की सगळ्यात आधी देवनागरी आकडे इंग्रजीत बदला, मग तपासा. दाखवताना खुशाल मराठी आकडे दाखवा.

दुसरी अडचण "बऱ्हाणपूर" याच शब्दाची. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. काही कळफलक ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात. काही साध्या र चा पाय मोडून मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र हे दोन वेगळे शब्द वाटतात. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची अक्षरांच्या क्रमांकांची पद्धत. तिचं नेहमीचं सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करणं) यांना एक करत नाही. "तऱ्हा", "वऱ्हाड", "कऱ्हाड" शोधताना हीच गफलत होते. सेव्ह करण्याआधी आणि शोधण्याआधी दोन्ही रूपं एका रूपात आणणारी चार ओळींची पायरी सर्व्हरवर लिहून ठेवा.

जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर एडिटरमध्ये थेट चिकटवू नका. दुसऱ्याच्या मोबाईलवर तो अगम्य खुणांसारखा दिसतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा. आणि मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये तक्ता युटीएफएट-एमबीफोर (utf8mb4) प्रकारचाच ठेवा, नाहीतर गिऱ्हाइकाने घातलेल्या इमोजीपाशी नोंद अडकेल.

वर्डप्रेस आणि पेज बिल्डर पुरेल का?

वर्डप्रेस म्हणजे साइट बनवून चालवायचं तयार साधन, आणि पेज बिल्डर म्हणजे माउसने ओढून पान रचायची त्याची जोडणी. लहान दुकानाला हे पुरतं. डिसेंबर २०१८ मधल्या ५.० आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये ठोकळ्यांचा एडिटर आहे. वर सांगितलेला "सर्व्हरने भरायचा ठोकळा" त्यात सोयीने बनवता येतो. नियम मात्र थीममध्ये (साइटच्या दिसण्याच्या साच्यात) किंवा पानावर चिकटवलेल्या कोडमध्ये ठेवू नका, स्वतःच्या छोट्या प्लगइनमध्ये (वेगळ्या जोड-प्रोग्रॅममध्ये) ठेवा. थीम बदलली की तिच्यातला कोड तिच्यासोबत जातो. उधारी, गोदाम आणि गाड्यांचा हिशोब एकत्र हवा असेल, तर हिशोबाचा प्रोग्रॅम वेगळा ठेवा आणि वर्डप्रेसने त्याच्याकडून माहिती मागावी.

एडिटर दुकानातल्या कोणाच्याही हातात दिला तर धोका नाही का?

एक मोठा धोका आहे आणि तो प्रोग्रॅमरच ओढवून घेतो. एडिटरमध्ये लिहिलेला मजकूर जसाच्या तसा टेम्प्लेट म्हणून सर्व्हरवर चालवला, तर लिहिणाऱ्याला सर्व्हरकडून हवं ते करून घेता येऊ शकतं. एडिटरमधून आलेल्या मजकुराला मजकूरच माना. त्यात फक्त ठरलेल्या नावांच्या जागा भरा: दुकानाचं नाव, आजचा भाव, हंगाम. यादीत नसलेलं नाव आलं तर ते सोडून द्या. बाहेरून चिकटवलेल्या स्क्रिप्टही सर्व्हरवर गाळून घ्या. एडिटर गाळतो म्हणून निर्धास्त राहू नका, कारण एडिटर ब्राउझरमध्येच चालतो.

शेवटचं पाकीट दोघांनी एकाच वेळी घेतलं तर?

मे महिन्यात मागणी असलेल्या वाणाबाबत हे होतंच. साठा तपासणं आणि कमी करणं ही दोन कामं डेटाबेसच्या एकाच व्यवहारात, ती नोंद कुलूपबंद करून करा. पानावरचा "शिल्लक ३" हा आकडा माहितीपुरता असतो. शब्द द्यायचा तो ऑर्डर पक्की झाल्यावरच.

एडिटरमध्ये पान सुंदर दिसतं, गावात उघडत नाही.

पेज बिल्डर डब्यात डबा, त्यात डबा अशी रचना करतात आणि फोटो कॅमेऱ्यातून आले तसेच चढवले जातात. फोटो सर्व्हरवर आपोआप लहान करण्याची सोय करा, दुकानदाराला ते करायला सांगू नका. आणि पान तपासताना नमुन्याचा माल तीन ओळींचा ठेवू नका. एकही ओळ नसताना, दोनशे ओळी असताना आणि मालाचं नाव दोन ओळींत जाईल इतकं लांब असताना, अशा तिन्ही वेळी उघडून पाहा. सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या गावात, साध्या मोबाईलवर.

साइट आधीच बनलेली आहे, सगळं मिसळलेलं आहे. सुरुवात कुठून?

नवी साइट काढू नका. आहे त्या पानांची छापील प्रत काढा आणि प्रत्येक आकड्याला लाल पेनने गोल करा: भाव, कर, सवलत, साठा, किमान ऑर्डर. तो कागद मालकांसमोर ठेवून विचारा, "हा आकडा कोण बदलतं आणि कधी?" उत्तर "सरकार" किंवा "रोज सकाळी भाव आल्यावर" असं आलं, तर तो आकडा आधी सर्व्हरवर न्या. "आम्हीच, वाटलं तेव्हा" असं आलं, तर तो सध्या पानातच राहू द्या. पहिल्या महिन्यात एकच आकडा हलवा. बहुतेक ठिकाणी तो कराचा दर असतो, केळीच्या व्यापाऱ्याकडे रोजचा भाव. तो महिनाभर बिनचूक चालला की मालक स्वतःच पुढच्या गोलावर बोट ठेवतात.